आईसाठी घोडी

आमच्या घरात घोडी यावी असं आईला सोडून कुणालाच वाटत नव्हतं, आणि आईलाही हौस म्हणून वाटत नव्हतं. आई गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. गावातली माणसं तिला शिस्टर म्हणत. ती मूळची भाट्याची, समुद्राच्या काठची, तिच्या माहेरी कुणी गाय पाळल्याचंसुद्धा मला आठवत नाही. आमचं गाव मात्र पार आतलं. गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, आणि त्या सड्यापलीकडे उतारावर तीन वाड्या. तिथे जायला पायवाट तेवढी होती. आई आठवड्यातून दोनदा खांद्याला लशीची पेटी अडकवून ती चढण चढायची आणि दिवस कलताना परत यायची. भातकापणीच्या दिवसांत अशीच परतताना कातळावर तिचा पाय घसरला आणि घोटा मोडला. प्लास्टर निघालं, पण घोटा वाकडाच सांधला गेला होता. सपाटीवर ती काठी घेऊन बरी चालायची, चढण आली की दोन पावलांत तिच्या कपाळावर घाम यायचा.

वडील शिंपी होते. पडवीत त्यांचं पायमशीन होतं आणि आमच्या घराचा आवाज म्हणजे त्या मशीनचा आवाज. सकाळी पेज उकळायची, मागच्या परड्यात कोंबडी ओरडायची, आणि या सगळ्याखाली ते मशीन सारखं धडधडत असायचं. ते थांबलं की घरातलं कुणीतरी मान वर करून बघायचं. आईच्या वरचे साहेब येऊन गेले त्या दिवशी ते बराच वेळ थांबलं होतं. साहेब वाईट नव्हते. ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, फिरती होत नसेल तर बदली मागून घ्या. तालुक्याला औषधांच्या खोलीत बसायचं काम आहे. शिमग्यानंतर मला कळवा."

बदली म्हणजे वडिलांची सगळी गिऱ्हाइकं इथे आणि आई तिथे, किंवा मग सगळं घरच उचलायचं. माझं दहावीचं वर्ष होतं. त्या संध्याकाळी कुळथाची पिठी आणि भात जेवताना आई अगदी सहज म्हणाली, "आपण घोडा घेऊ."

वडिलांनी हातातला घास खाली ठेवला. लहानपणी रत्नागिरीच्या स्टँडबाहेर एका टांग्याच्या घोड्याने त्यांच्या खांद्याला चावा घेतला होता, आणि तेव्हापासून ते बैलापासूनसुद्धा लांबून जात. "कोकणात घोडा कोण ठेवतं?" ते म्हणाले. "आणि तू बसणार? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील शिस्टर आली," आई म्हणाली. "एरवी येणारच नाही."

आता आमच्या भागात घोडा मिळवणं अवघड नाही म्हणे. परवाच माझ्या भाच्याने फोनवर एक जाहिरात दाखवली, रत्नागिरीजवळच कुणाकडे तरी डोंगरवाटांना सरावलेली घोडी विकायची होती. पर्यटकांना सड्यावरून फिरवून आणायचा धंदा त्याच्या डोक्यात आहे, ट्रेल की काय म्हणतात त्याला. घोडीचे फोटो होते, ती चालतानाचा व्हिडिओ होता, वय होतं, स्वभावसुद्धा लिहिला होता. आम्हाला हे सगळं पायांनी शोधावं लागलं. वडील गिऱ्हाइकांना विचारत, आई बाळंतिणींना विचारी, आणि कुठे काही कळलं की रविवारी आई आणि मी एसटीने जाऊन बघून येत असू.

पहिली घोडी चिपळूणच्या बाजूला एका बँडवाल्याकडे होती. पांढरीशुभ्र, कपाळावर गोंडा. वरातींत नाचून तिला अशी सवय झाली होती, की रस्त्यावरून एसटीचा हॉर्न वाजला आणि ती जागच्या जागी पुढचे पाय उचलून नाचायला लागली. मालक सरळ माणूस होता. तो म्हणाला, "बाई, विकायचीच आहे मला, पण तुमच्या कामाची नाही ही. हिच्यावर बसून लस टोचायला गेलात तर लोक अक्षता टाकतील." परतीच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बराच वेळ हसत होती. पाय मोडल्यापासून ती पहिल्यांदाच तशी हसली.

दुसरा घोडा रत्नागिरीतला, टांग्याचा. रिक्षा आल्यामुळे त्याचा मालक तो काढायला बघत होता. आईला घोड्यातलं काही कळत नव्हतं, पण आजाऱ्यातलं कळत होतं. तिने त्याची पापणी खाली ओढून पाहिली, हिरड्या पाहिल्या, छातीला कान लावून उभी राहिली. मग मालकाला म्हणाली, "याला खोकला जुना आहे. महिनाभर काम देऊ नका. गुळाचं पाणी द्या आणि गुरांच्या डॉक्टरला दाखवा." तो माणूस घोडा विकायचं विसरून त्याला काय खायला घालू नि काय नको हेच विचारत बसला. आम्ही हात हलवत परत आलो.

तिसरी घोडी आमच्याच गावात होती. तिचा विचार आमच्या मनात आला नाही याचं कारण एवढंच, की ती विकायची असेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. खालच्या वाडीत कासारभाऊ राहत. एकटेच. बायको वारली होती, मुलगी कऱ्हाडकडे दिलेली. तट्टावर काकणांच्या दोन पेट्या लादून ते सगळ्या वाड्या फिरत. लग्न असो, बारसं असो, सण असो, त्यांच्या तट्टाची घंटा वाजली की बायका पुढच्या दारी येत. लहानखुरी, काळीभोर घोडी होती. तिला ते काळी म्हणूनच हाक मारत. त्यांनी स्वतःच वडिलांना मशीनपाशी येऊन सांगितलं, "शिस्टरला घोडी व्हयी असं ऐकलं. माझी बगा. मी शिमगा झाला की लेकीकडं जातंय, कायमचा."

आई काठी टेकत त्यांच्या अंगणात गेली तेव्हा मीही बरोबर होते. काळी आंब्याखाली उभी होती. आईने घोडीकडे नीट पाहिलंही नाही, ती कासारभाऊंकडे बघत राहिली. मग तिने हातातला रुमाल मुद्दाम खाली टाकला आणि म्हणाली, "भाऊ, तेवढा रुमाल देता?" कासारभाऊ वाकले आणि जमिनीवर हात फिरवत राहिले. रुमाल त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर होता.

"किती दिवस झाले?" आईने विचारलं.

ते तसेच खाली बसले. "दोन वर्सं झाली असतील. धुका आल्यासारखा दिसतो. कुनाला बोललो नाय. काकणाचा माप बोटांना कळतो आनि वाट हिला ठावी हाय. ही चालते, मी मागनं जातो. पन परवा वरच्या वाडीत मी एका पोरीच्या हातात फुटका काकण चढवला. रगत आला तिला. आता पुरे."

आईने त्यांना उजेडाकडे तोंड करायला लावलं. दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांवर नारळाच्या कोवळ्या खोबऱ्यासारखं पांढरं आलं होतं. "हा मोतीबिंदू आहे," ती म्हणाली. "काढला की दिसेल. तालुक्याला डोळ्यांचं शिबिर येतं, मी घेऊन जाईन तुम्हाला." कासारभाऊ हसले. सुरी डोळ्याला लावून घ्यायला ते तयार नव्हते. आई बराच वेळ बोलत राहिली, आणि शेवटी ठरलं ते असं: घोडी आमच्याकडे न्यायची. शिमग्याच्या आत शिबिर आलं तर भाऊंनी एकदा यायचं, आणि दिसायला लागलं तर घोडी त्यांची त्यांना परत. शिबिर आलंच नाही तर घोडी आमची आणि ते कऱ्हाडला.

वाटेत मी आईला म्हटलं, "तू हे कशाला काढलंस? ते विकतच होते." आई काठी टेकून दम खात होती.

काळी आमच्या मागच्या गोठ्यात आली आणि घराचं वागणं बदललं. वडील पहिले चार दिवस परड्यात गेलेच नाहीत. पाचव्या दिवशी मशीन थांबलं, आणि पाहते तर ते दारात उभे राहून लांबूनच टेपने हवेत घोडीची पाठ मोजत होते. मग त्यांनी मला आत पाठवून खरं माप घ्यायला लावलं. गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं, आत काथ्या भरलेलं एक खोगीर त्यांनी तीन दिवस बसून शिवलं. कड दुहेरी, टाके हातचे. आईला पाय दोन बाजूंना टाकून बसता यावं म्हणून लुगड्याखाली घालायला एक सैल विजारही शिवली, आणि ती देताना भिंतीकडे बघत म्हणाले, "थंडीची घातली असं सांगायचं कुणी विचारलं तर."

आई घोडीवर बसून वर जाऊ लागली. सुरुवातीला मी लगाम धरून बरोबर जायची, पण काळीला कुणाची गरज नव्हती. कातळावर कुठे खुर टेकायचा ते तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. गंमत अशी, की जिथे जिथे काकणं भरली होती त्या प्रत्येक दारात ती थांबायची, आणि आईने कितीही टाच मारली तरी घरातली बाई बाहेर येईपर्यंत हलायची नाही. त्यामुळे ज्या घरांनी कधी आईला दारात घेतलं नव्हतं, त्यांच्याही दारात शिस्टर जाऊन उभी राहू लागली. बाहेर आलेली बाई हसायची, आणि हसल्यावर बोलायचीच.

आणि माझं म्हणाल तर मी त्या घोडीची झाले होते. शाळेतून आल्यावर सड्यावरचं गवत कापून आणायची, तिच्या मानेला खरारा करायची, तिच्या कानाशी तोंड नेऊन भूगोल पाठ करायची. मला आणि आईला सोडून तिसरं कुणी तिचं आहे हे मला आठवेनासं झालं. आमचं घर शाबूत राहिलं होतं, वडिलांचं मशीन धडधडत होतं, आणि हे सगळं तिच्या चार पायांवर उभं आहे असं मला वाटायचं. फारसं चूकही नव्हतं ते.

फिरतीच्या दिवशी उपकेंद्राला कुलूप असे, म्हणून पोस्टमन टपाल आमच्या घरी देत असे. मी ते उघडून फायलीला लावून ठेवायची. शिमग्याला महिना राहिला असेल तेव्हा एक कागद आला. तालुक्याला डोळ्यांचं शिबिर, मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत, रुग्णांची नावं अमुक तारखेच्या आत पाठवावीत. मी तो कागद दोनदा वाचला. बाहेर मशीन चालू होतं. मी तो फायलीला लावला नाही. घडी घालून माझ्या भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरात सारला, कव्हर पुन्हा नीट दुमडलं, आणि गवत आणायला गेले.

इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवशी मी घाबरले होते असं मला सांगता येत नाही. मला अजिबात भीती वाटली नव्हती. मला वाटलं होतं मी घर सांभाळलं.

नावं पाठवायची तारीख गेली. त्यानंतर दोन दिवसांनी, आई फिरतीवरून नुकतीच परतली होती आणि आत पाय शेकत बसली होती, तेव्हा कासारभाऊ आले. वाडीतून एकटेच, कुंपणाला हात लावत लावत. निरोप घ्यायला आले होते. मी त्यांना हात धरून गोठ्यात नेलं. काळीने त्यांचा वास घेतला आणि आपलं डोकं त्यांच्या खांद्यावर ठेवून दिलं, सगळं वजन टाकून. ते तिच्या गळ्यावरून, पोटावरून हात फिरवत राहिले.

"अंगात भरली हाय," ते म्हणाले. "चांगला ठेवलास तू हिला, बाय. मना सांग, आता दिसते कशी? तोंडावर पांढरा आला काय गो तिच्या?"

मी पाहिलं. तिचं तोंड, डोळ्यांभोवतीची कातडी, कपाळाचा मधला भाग, सगळं पांढरं झालं होतं. रोज बघत असूनही मी ते पाहिलं नव्हतं.

"थोडंसं," मी म्हटलं.

"व्हय? मना ती सगली काळीच आठवते." आणि ते हसले. "बरा झाला. मी जानार तर ती तशीच रावंल माझ्याजवळ."

मला तिथे उभं राहवेना. मी घरात गेले, पुस्तकाचं कव्हर काढलं आणि तो कागद आईच्या हातात दिला. आईने वाचला, तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती मारेल. ती म्हणाली, "माझी पांढरी साडी काढ पेटीतून. उद्या पहिल्या एसटीने जायचं." मग बाहेर जाऊन तिने कासारभाऊंना शिबिर उद्या असल्याचं सांगितलं. त्यांनी शब्द दिलेला होता, त्यामुळे नाही म्हणता येईना. पण ओट्याची कड त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

शिबिर शाळेच्या इमारतीत होतं. वर्गांतून बाकं काढून खाटा टाकल्या होत्या. यादीतल्या नावांची माणसं ओळीने बसली होती, प्रत्येकाच्या मनगटाला चिकटपट्टी. यादी करणाऱ्या डॉक्टरांनी आमचं नाव शोधलं आणि चिडले. "सिस्टर, पत्र येऊन तीन आठवडे झाले. तुमच्या उपकेंद्रातून एक नाव नाही. मी कुठून जागा आणू?"

मी आईच्या मागेच उभी होते. मी तोंड उघडणार होते, पण आईने मागे न बघता माझं मनगट धरलं.

"कागद माझ्या हातून राहिला," ती म्हणाली. "चूक माझी आहे, तसं लिहून देते. पण या माणसाला परत पाठवू नका. हे पुढच्या शिबिराला इथे नसतील." आणि ती काठी टेकून तिथेच उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसेना. दुपारी एक आजोबा घाबरून उठून निघून गेले, आणि त्यांची खाट कासारभाऊंना मिळाली. आईने खरंच लिहून दिलं. त्याचा लेखी ठपका तिच्या नोकरीच्या पुस्तकात शेवटपर्यंत राहिला. त्या दिवशी एसटीत ती मला एवढंच म्हणाली, "त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी सांगणार नाही."

गेल्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटांत झालं, चालत घरी आले. कासारभाऊंच्या वेळी मात्र आठवडाभर उशीला दोन बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून मान न हलवता पडून राहावं लागे. आई एक दिवसाआड जायची. माझ्याकडून नाचणीची पातळ पेज करून न्यायची. मी ती हलवताना गुठळी होऊ नये म्हणून इतकी जपायची, की वडील एकदा म्हणाले, "परीक्षा पेजेची आहे की काय?"

जाड भिंगांचा चष्मा लावून कासारभाऊ आमच्या अंगणात आले तेव्हा शिमगा होऊन गेला होता. कुंपणाला हात न लावता आले. ते थेट गोठ्यापाशी जाऊन थांबले आणि बराच वेळ आत गेले नाहीत. नुसते बघत होते.

"ही म्हातारी झाली, शिस्टर," ते म्हणाले. "ही माझ्यापेक्षा म्हातारी झाली, आनि मी हिच्यावर पेट्या लादत व्हतो."

ते काळीला घेऊन गेले. ठरल्याप्रमाणेच होतं ते. आईने खोगीर झटकून त्यांच्या स्वाधीन केलं आणि वडील, जे सहसा परड्यात येत नसत, कुंपणापर्यंत पोचवायला गेले. घरी गोठा रिकामा झाला. साहेबांना बदलीचं कळवायचं पत्र आईने लिहायला घेतलं, दोन ओळी लिहिल्या आणि पेन बंद करून ठेवलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी मी भाकऱ्या थापत होते, तर अंगणात घंटा. कासारभाऊ उभे होते. काळीच्या पाठीवर वडिलांचं खोगीर, पेट्या नाहीत. काकणांची एकच लहान पेटी त्यांच्या स्वतःच्या खांद्याला.

"चला," ते आईला म्हणाले. "मना लेकीकडं करमायचा नाय. पेट्या हिला झेपत नाय, पन तुमी काय भाताची गोन नाय. तुमी बसा, मी चालतो. मनाही वर जायचाच हाय."

वडिलांनी मशीनवरून विचारलं, "आणि रोज असं?"

"मंगळवारी आनि शुक्कुरवारी," कासारभाऊ म्हणाले. "काकणं काय रोज फुटतात?"

मग पाच वर्षं ती दोघं आणि घोडी अशी फिरली. काळी दारात थांबायची, बाई बाहेर यायची, आधी बाळाच्या दंडावर लस, मग त्याच्या आईच्या मनगटावर काकणं. रडणारी पोरं रंगीत काचा बघून गप्प व्हायची. बदलीचं नाव साहेबांनी पुन्हा काढलं नाही. सड्यावरून जीपचा रस्ता झाला त्याच वर्षी काळी गेली, कासारभाऊंच्या आंब्याखाली, दोन दिवसांच्या आजाराने. आई शेवटपर्यंत तिच्याजवळ बसली होती.

मी त्या पाच वर्षांत त्यांना सांगितलं नाही. सांगायला कितीदा गेले. प्रत्येक वेळी त्या जाड भिंगांमागचे मोठे दिसणारे डोळे माझ्याकडे वळायचे आणि मी दुसरंच काहीतरी बोलायची.

माझ्या लग्नाच्या आदल्या सकाळी ते चुडा भरायला आले. पडवीत मशीन बाजूला सरकवून पाट मांडला होता. बायका आत लाडू वळत होत्या, आम्ही दोघंच होतो. त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, बोटांचे सांधे चेपून पाहिले आणि पहिलं हिरवं काकण चढवायला घेतलं. तेव्हा मी बोलले. शिबिराचा कागद आधीच आला होता, तो मी लपवला होता, आईने माझी चूक अंगावर घेतली, सगळं. त्यांच्या हाताकडे बघत बोलले, तोंडाकडे बघायचा धीर नव्हता. त्यांचे हात थांबले नाहीत. काकण माझ्या अंगठ्याच्या सांध्यापाशी येऊन अडलं होतं.

"हात सैल सोड, बाय," ते म्हणाले. "ताठ धरलास की फुटतो."

मी हात सैल सोडला. काकण मनगटावर उतरलं. त्यांनी दुसरं उचललं, उजेडात धरून कुठे तडा आहे का ते नीट पाहिलं, आणि माझ्या बोटांवर ठेवलं.